दंडाचा पैसा शहराच्या तिजोरीत नको

कोल्हापुरात महापालिकेच्या रिकाम्या तिजोरीचा विषय निघाला की एक उपाय कुणीतरी सुचवतंच. वाहतूक पोलीस शहरात रोज एवढ्या पावत्या फाडतात, तो पैसा मुंबईला कशाला जायला पाहिजे? रस्ते आपले, कोंडी आपली, धूर आपण खायचा. मग दंडातला निम्मा वाटा तरी महापालिकेला मिळावा. त्यातून खड्डे बुजतील, बंद पडलेले सिग्नल सुरू होतील, केएमटीला, म्हणजे महापालिकेच्या बससेवेला, चार बस घेता येतील. सांगणारा शहराच्या कळकळीनंच सांगत असतो आणि पहिल्यांदा ऐकताना त्यात खोट काढता येत नाही. तरीही ही मागणी कोल्हापुरासाठी, आणि त्याहून जास्त आसपासच्या छोट्या गावांसाठी, घातक आहे असं मला वाटतं. असे प्रयोग दुसरीकडे होऊन गेलेत आणि त्यांचं काय झालं हे सरकारी अहवालांत लिहून ठेवलेलं आहे.

आजची पद्धत काय आहे ते आधी बघू. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तडजोडीच्या रकमा, म्हणजे कोर्टात न जाता भरून मोकळं व्हायचे दंड, राज्य सरकार ठरवतं. चौकातला हवालदार हातातल्या यंत्रात गाडीचा नंबर टाकतो, मालकाच्या मोबाइलवर मेसेज पडतो आणि भरलेली रक्कम राज्याच्या तिजोरीत जाते. केंद्रानं २०१९ मध्ये कायदा कडक केला, महाराष्ट्रानं डिसेंबर २०२१ मध्ये वाढीव रकमा लागू केल्या आणि दोनशे रुपयांत सुटणारा माणूस पाचशे-हजारावर गेला. रकमा मोठ्या झाल्या तसे त्यांच्याकडे उत्पन्न म्हणून बघणारेही वाढले. महापालिकेला यातला वाटा मिळत नाही ही गोष्ट खरी आहे, आणि ती तशीच राहावी.

अमेरिकेत हे उलट आहे. तिथं हजार-दोन हजार वस्तीच्या गावालाही स्वतःचं पोलीस खातं असतं, पुष्कळ ठिकाणी स्वतःचं कोर्टही असतं, आणि वसुलीतला मोठा भाग गावाच्याच खात्यात पडतो. अलाबामा राज्यात ब्रुकसाइड नावाचं १,२५३ वस्तीचं, एकेकाळी कोळशाच्या खाणीवर जगलेलं गाव आहे. गावाच्या अखत्यारीत महामार्गाचा जेमतेम दीड मैल येतो. तेवढ्या पट्ट्यावर पोलीस उभे राहिले आणि २०१८ ते २०२० या दोन वर्षांत दंड आणि जप्तीचं उत्पन्न ६४० टक्क्यांहून जास्त वाढलं. २०२० साली गावाच्या एकूण उत्पन्नात त्याचा वाटा ४९ टक्के होता. जानेवारी २०२२ मध्ये पत्रकारांनी हे बाहेर काढल्यावर पोलीसप्रमुखाला राजीनामा द्यावा लागला आणि त्याच वर्षी अलाबामाच्या विधिमंडळानं अशा उत्पन्नावर मर्यादा घालणारा कायदा केला. आपल्याकडे उजळाईवाडी ते गोकुळ शिरगाव हा पुणे-बंगळूर महामार्गाचा पट्टा डोळ्यासमोर आणा. तिथल्या एखाद्या ग्रामपंचायतीला स्वतःचे पोलीस ठेवायची आणि दंड स्वतःकडे ठेवायची मुभा दिली, तर पहिल्या वर्षी गावात गटारी होतील. तिसऱ्या वर्षी ग्रामपंचायतीचं पगारपत्रक त्या दीड मैलावर अवलंबून असेल.

मिझुरी राज्यातलं फर्ग्युसन यापेक्षा मोठं, एकवीस हजारांच्या आसपास वस्तीचं. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या नगरपरिषदेएवढं. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथं पोलिसाच्या गोळीनं एक तरुण मेला, दंगली झाल्या, आणि केंद्रीय न्याय विभागानं चौकशी करून मार्च २०१५ मध्ये अहवाल दिला. त्यात गावाच्या अर्थसंकल्पाचे आकडे आहेत. २०१० च्या आर्थिक वर्षात सुमारे १.१ कोटी डॉलरच्या उत्पन्नात दंड आणि कोर्ट शुल्काचे जवळपास १४ लाख डॉलर होते. २०१५ च्या अंदाजपत्रकात १.३ कोटींपैकी ३१ लाख डॉलर दंडातून येतील असं आधीच गृहीत धरलं होतं. चुका अजून घडायच्या होत्या आणि त्यांचं उत्पन्न जमेच्या बाजूला लिहून झालं होतं. गावाच्या वित्त अधिकाऱ्यानं मार्च २०१० मध्ये पोलीसप्रमुखाला कळवलं होतं की पावत्या बऱ्यापैकी वाढल्या नाहीत तर पुढच्या वर्षीची वसुली वाढवणं कठीण जाईल.

त्याच अहवालात एका बाईची हकिकत आहे. २००७ मध्ये तिनं एकदाच गाडी चुकीच्या जागी लावली. त्याच्या दोन पावत्या झाल्या, दंड १५१ डॉलर अधिक शुल्क. बाई गरीब होती, मधल्या काळात तिला घरही नव्हतं. तारखा चुकल्या, प्रत्येक चुकलेल्या तारखेला नवा दंड आणि नवं वॉरंट. सहा दिवस ती तुरुंगात राहिली. पुढं तिनं थोडी थोडी करून ५५० डॉलर भरले आणि डिसेंबर २०१४ मध्येही तिच्या नावावर ५४१ डॉलर बाकी होती. २०१३ या एका वर्षात त्या गावच्या कोर्टानं नऊ हजारांवर वॉरंटं काढली, बहुतेक असल्याच किरकोळ गुन्ह्यांसाठी. एकवीस हजारांच्या गावात नऊ हजार वॉरंटं! त्या गावात गुन्हेगार फार होते म्हणून हा आकडा झालेला नाही. अंदाजपत्रकात ती रक्कम धरलेली होती, म्हणून झाला.

मिझुरीला हे माहीत नव्हतं असंही नाही. मॅक्स क्रीक नावाच्या एका चिमुकल्या गावानं हमरस्त्यावर वेगाचे सापळे लावून इतकं कमावलं की १९९५ मध्ये राज्यानं गावांच्या दंड-उत्पन्नावर मर्यादा घालणारा कायदा केला आणि त्या कायद्याला लोक त्याच गावाच्या नावानं ओळखू लागले. मर्यादा सुरुवातीला ४५ टक्के होती. म्हणजे गावाच्या उत्पन्नातला जवळजवळ अर्धा हिस्सा दंडाचा असला तरी चालेल! फर्ग्युसननंतर २०१५ मध्ये ती २० टक्क्यांवर आणली. मॅक्स क्रीकचं पुढं दिवाळं वाजलं आणि २०१२ मध्ये तिथली नगरपालिकाच विसर्जित झाली. दंडाशिवाय पोट भरायची सवय त्या गावाला उरली नव्हती.

तिथली माणसं काही आपल्यापेक्षा वाईट नव्हेत. गावाला पैसे लागतात आणि कर वाढवायचा तर लोकांसमोर जावं लागतं, सारी गोम तिथं आहे. मिझुरीच्या राज्यघटनेत १९८० पासून तरतूद आहे की स्थानिक संस्थेनं कर वाढवायचा तर मतदारांची मंजुरी घ्यायची. दंड वाढवायला अशी मंजुरी लागत नाही. शिवाय दंड भरणारा माणूस शरमलेला असतो, त्यामुळं तो भांडत नाही. करवाढीविरुद्ध मोर्चा निघतो. सिग्नल तोडणाऱ्यांचा मोर्चा कोण काढणार? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर कॅरोलायनातल्या काउंट्यांचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांचे, अनेक वर्षांचे आकडे तपासले होते. उत्पन्न घटलं की पुढच्या वर्षी पावत्या वाढतात, हे त्यात दिसलं. उत्पन्न सुधारलं म्हणून त्या मागं येत नाहीत, हेही दिसलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात मॅसॅच्युसेट्सच्या पोलिसांनी दिलेल्या पावत्या पाहिल्या. बाहेरगावच्या चालकाला दंड व्हायची शक्यता गाववाल्यापेक्षा जास्त निघाली, आणि ज्या गावांत मतदारांनी करवाढ फेटाळली होती तिथं तर आणखी जास्त. बाहेरच्याचं त्या गावात मत नसतं.

हे वाचताना मला अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या गाड्या आठवतात. पुण्याच्या, सोलापूरच्या, बेळगाव-निपाणीच्या. नंबरप्लेट कोल्हापूरची एमएच ०९ नसली की शिट्टी आधी वाजते, ही पर्यटकांची तक्रार इथं जुनी आहे, आणि आज दंडाचा एक पैसा शहराला मिळत नसताना ती आहे. उद्या निम्मा वाटा शहराचा झाला, तर भवानी मंडपापासून गंगावेशीपर्यंत प्रत्येक परगावची गाडी कोणत्या नजरेनं बघितली जाईल? नवरात्रातले नऊ दिवस आणि मे महिना हा मग वसुलीचा हंगाम होईल. पर्यटकाकडून पैसे घ्यायचे असतील तर उघड घ्यावेत. पन्हाळ्याला नगरपरिषद नाक्यावर प्रवासी कर घेते. कर आहे हे गाडी थांबताच कळतं, तो सगळ्यांना सारखा पडतो, भरला की पावती हातात येते. तो कमी-जास्त असावा यावर वाद घालता येतो, पण तो भरताना कुणी गुन्हेगार ठरत नाही.

आता आपल्या महापालिकेच्या पैशाकडे येऊ, कारण मोहाचं मूळ तिथं आहे. जकात होती तोवर रोजचा पैसा रोज नाक्यावर यायचा. २०११ मध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आत उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि तेव्हापासून शहर राज्याकडून येणाऱ्या भरपाईच्या हप्त्याकडे डोळे लावून बसलंय. महापालिका १९७२ ला झाली, पण हद्द काही पुढं सरकली नाही. आजूबाजूची गावं शहरात यायला तयार नाहीत, आणि शहराची अवस्था बघता त्यांचं अगदीच चुकतं असं मला म्हणवत नाही. रोज सकाळी त्या गावांतून हजारो गाड्या शहरात येतात, संध्याकाळी परत जातात. त्यांच्यासाठी रस्ता शहरानं करायचा. राहतो तो घरफाळा आणि पाणीपट्टी. घरफाळ्याची थकबाकी दरवर्षी पेपरात येते, त्यात मोठ्या मिळकतींची नावंही असतात, आणि तिथं वसुलीपथक फारच बेतानं पाऊल टाकतं. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर काही वर्षं तर जाब विचारायला नगरसेवकही नव्हते.

अशा वेळी दंडाचा पैसा फार सोयीचा वाटतो. बड्या थकबाकीदाराच्या दारात जायला नको, हद्दवाढीचा वाद अंगावर घ्यायला नको, घरफाळा वाढवून शिव्या खायला नकोत. चौकात उभं राहून दुचाकी अडवली की झालं. माझा विरोध नेमका या सोयीला आहे. ज्या अडचणींमुळं शहर गरीब झालंय त्या सोडवण्याचं कारणच त्यामुळं संपून जातं.

आणि कोल्हापूरला हे शिकवायला अमेरिकेचे दाखले तरी कशाला हवेत? शहरातल्या रस्त्यांसाठी ऑक्टोबर २०१३ मध्ये टोल सुरू झाला तेव्हा ऐंशी ओलांडलेले एन. डी. पाटील आणि ऐंशीच्या उंबरठ्यावरचे गोविंदराव पानसरे रस्त्यावर उतरले, पाठोपाठ रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत सगळं शहर उतरलं. जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले. जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही, पण त्याआधी आणि त्यानंतर महिनोन्‌महिने शांतपणे चाललेलं आंदोलन हेच टोल जाण्याचं खरं कारण होतं. सरकारला अखेर टोल रद्द करून ठेकेदाराचे पैसे स्वतः भागवावे लागले. त्या आंदोलनातला मुख्य सवाल दहा-वीस रुपयांचा नव्हता. आमच्याच शहरात, आमच्या घरून मंडईत जायला आम्हाला न विचारता पैसे लावलेच कसे, हा होता. दंडावर चालणारं शहर म्हणजे तसलाच टोल, फक्त नाके फिरते असतील आणि भरणाऱ्याला वर गुन्हेगार म्हटलं जाईल. त्या वेळी रस्त्यावर उतरलेल्या माणसांनी आज दंडातला वाटा मागावा याचं मला वाईट वाटतं.

या सगळ्यात माझ्या मनातला सगळ्यात मोठा मुद्दा मात्र पैशाहून वेगळा आहे. जिल्ह्यातल्या एका बाजारगावात, गावाचं नाव इथं महत्त्वाचं नाही, एसटी स्टँडकडून पेठेत शिरणारा रस्ता एकेरी केलेला आहे. रस्त्याच्या तोंडाशी प्रवेश बंदचा लाल गोल बोर्ड आहे. बाजाराच्या दिवशी मी तिथं झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. त्या बोर्डच्या खांबालाच वाढदिवसाचा डिजिटल फलक बांधलेला, त्यावर पन्नासेक फोटो, आणि लाल गोलाचा वरचा चतकोर भाग तेवढा फलकाच्या कडेवरून डोकावत होता. आत वीस पावलांवर हवालदार. एक पागोटेवाले म्हातारे मोटारसायकलवरून आत आले, मागं बायको, तिच्या मांडीवर दवाखान्याची फाइल आणि एक्स-रेचं पाकीट. गाडी थांबवली, यंत्रावर नंबर टाकला, फोटो निघाला. म्हातारे म्हणाले, "बोर्ड कुठं हाय, दाखवा की." हवालदारानं हात करून दाखवला, म्हातारे उतरून मागं चालत गेले, फलकाखाली वाकून त्यांनी बोर्ड बघितला आणि काही न बोलता परत आले. पाचशे रुपये, रोजगाराला जाणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या मजुरीहून जास्त. मी तिथं होतो तेवढ्या वेळात आणखी कितीतरी गाड्या त्याच जागी अडकल्या.

हवालदारानं कायद्याबाहेर काही केलं नाही. तो त्या गावचा नोकर नाही, दंडाचा पैसाही गावाचा नाही. फलक काढणं हे नगरपरिषदेचं काम, आणि ते न करण्यात आज तिचा आळस आहे, बॅनरवरच्या पुढाऱ्याची भीती आहे. उद्या त्या पाचशेतले अडीचशे नगरपरिषदेला मिळू लागले तर? मग तो फलक तिथं असणं नगरपरिषदेच्या फायद्याचं होईल. कुणी मुद्दाम बांधायला सांगणार नाही, पण काढायची घाईही कुणाला असणार नाही. जिथं चूक घडण्यातून पैसा येतो तिथं चूक होऊ नये म्हणून खर्च करायला कोण बसलंय? माझी भीती ही आहे. बोर्ड पुसट झाला, झेब्रा पट्टे उडाले, सिग्नलचा पिवळा दिवा फार लवकर गेला, तर दुरुस्ती करणाऱ्याचंच उत्पन्न घटणार.

पार्किंगचं तर विचारूच नका. लक्ष्मीपुरीत, राजारामपुरीत, महाद्वार रोडला माणसं रस्त्यावर गाड्या लावतात कारण लावायला दुसरी जागा नाही. जागा नाही कारण इमारतींचे नकाशे मंजूर होताना तळघरात पार्किंग दाखवलं जातं आणि वर्षभरात तिथं दुकान नाहीतर गोदाम थाटलं जातं. ते रिकामं करून घेणं महापालिकेच्या हातात आहे. कुणाच्या तरी शब्दाखातर ते होत नाही. अंबाबाई मंदिराला येणाऱ्यांसाठी सरस्वती टॉकीजजवळचं बहुमजली पार्किंग किती काळ रखडलं हे ताराबाई रोडवरच्या कोणत्याही दुकानदाराला विचारा. तळघरं मोकळी केली, पार्किंग बांधून झालं, तर नो पार्किंगच्या पावत्या निम्म्यावर येतील. आज त्यात महापालिकेचं काही जात नाही, तरी काम होत नाही. पावत्यांत वाटा मिळाल्यावर ते होईल असं समजायला मी तयार नाही.

आपल्याकडे दंड राज्याच्या तिजोरीत जातो म्हणून सगळं ठीक आहे, असंही नाही. परिवहन खात्यात प्रत्येक प्रादेशिक कार्यालयाला वर्षाचं महसुली उद्दिष्ट ठरवून दिलेलं असतं आणि मार्च संपला की किती टक्के गाठलं याची बातमी येते. त्यातला मोठा भाग नोंदणी आणि कराचा असतो, त्याला उद्दिष्ट असायला हरकत नाही. पण कारवाईच्या वसुलीलाही तोच हिशेब लागतो तेव्हा मामला बिघडतो. गाड्या किती नोंदवल्या जातील याचा अंदाज करता येतो. माणसं किती गुन्हे करतील याचं उद्दिष्ट कसं ठेवणार? गुन्हे कमी झाले तर ते अपयश समजायचं का? आणि गाड्या उचलणारी क्रेन. पोलीस सरकारी असला तरी क्रेन ठेकेदाराची, आणि ठेका गाडीमागे पैशाचा असला की क्रेन कुठं फिरणार हे ठरलेलं असतं. वळणावर आडव्या लावलेल्या, कोंडी करणाऱ्या ट्रकला ती हात लावू शकत नाही. बँकेसमोर पाच मिनिटं टेकवलेल्या दुचाक्या मात्र एका फेरीत सहा-सात मिळतात. दुचाकीवाला धावत येतो, गाडी अजून हवेत असते, आणि तो गयावया करतो. हे दृश्य न बघितलेला कोल्हापूरकर सापडणार नाही. मालवाहतूकदारांनी जुलै २०२५ मध्ये राज्यभर संप केला, त्यातही ई-चलनाची तक्रार पुढं होती.

यावर कुणी म्हणेल, दंड नको म्हणता म्हणजे बेशिस्तीला मोकळं रान द्या म्हणता. मी दंडाच्या विरुद्ध नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. हेल्मेट नसल्यानं त्या वर्षी मेलेल्यांची संख्या ५०,०२९ आहे. आपल्या शहरात हेल्मेटसक्तीचा विषय आला की आपण छाती पुढं काढून विरोध करतो, आणि दर आठवड्याला महामार्गावरून कुणाचा तरी पोरगा घरी आणावा लागतो. दंड व्हायलाच पाहिजे, चुकवता येणार नाही असा व्हायला पाहिजे, आणि आमदाराचा फोन आला तरी व्हायला पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की दंड करणाऱ्या हाताला, त्याच्या खात्याला किंवा त्याच्या गावाला त्या पैशाची गरज असता कामा नये. तसं झालं की दंडावरचा विश्वास जातो, आणि विश्वास गेलेला दंड माणसं नशिबाचा फेरा म्हणून भरतात, चूक म्हणून भरत नाहीत. ब्रिटननं याचा अनुभव घेतलाय. २००० पासून तिथं वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांचा खर्च त्याच कॅमेऱ्यांच्या दंडातून भागवायची मुभा स्थानिक यंत्रणांना दिली. कॅमेरे वाढले, अपघातही बऱ्याच ठिकाणी कमी झाले, पण हे सगळं पैशासाठी चाललंय असा समज एवढा पक्का झाला की २००७ मध्ये सरकारनं ती सांगड तोडली. दंड तिजोरीत आणि रस्ते सुरक्षेचं अनुदान वेगळं, असं ठरलं. कॅमेरे चांगलं काम करत असतानाही ही सांगड तोडावी लागली, हे लक्षात घ्यायला हवं.

आपल्या कायद्यात एक कलम आहे त्याची आठवण सगळ्यांनी ठेवायला हवी. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं १९८-अ. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे नसेल आणि त्यामुळं माणूस मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि तो अपघातग्रस्तांच्या निधीत जमा करायचा. चौकातल्या यंत्रातून हेल्मेटची पावती रोज निघते. या कलमाखाली आपल्या भागात कुणाला दंड झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. ज्या दिवशी खड्ड्यात पडून गेलेल्या माणसासाठी ठेकेदाराला दंड होईल, त्या दिवशी चौकातला दंडही लोक वेगळ्या मनानं भरतील. कॅमेऱ्यांसाठीही केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ पासून अट आहे की पुढं कॅमेरा आहे हे सांगणारा फलक ठळक दिसेल असा लावायचा आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची. आठ-आठ महिन्यांनी गाडी विकायला काढल्यावर जुनी चलनं उघडकीला येतात, तेव्हा हा नियम कुणालाच आठवत नाही.

महापालिकेला पैसा मिळायला हवा, याबद्दल दुमत नाही. तो राज्याकडून हक्कानं मागावा. शहरात नोंदलेल्या गाड्यांचा रस्ता कर राज्य घेतं, त्यातला ठरलेला हिस्सा शहराच्या रस्त्यांना मिळावा, ही मागणी सरळ आहे. गाडी शिस्तीनं चालली तरी तो हिस्सा येतच राहील. घरफाळ्याच्या बड्या थकबाक्या वसूल कराव्यात. पार्किंगसाठी पैसे घ्यायचे असतील तर आधी पट्टे मारून जागा द्यावी आणि मग तासाचा दर लावावा. बिंदू चौकात गाडी लावून तास-दोन तास महाद्वारावर खरेदी करणारा माणूस दहा-वीस रुपयांना नाही म्हणणार नाही.

आणि दंड होतो तिथला हिशेब लोकांसमोर यावा. कोणत्या चौकात, कोणत्या कारणासाठी, किती पावत्या झाल्या, हे यंत्रात रोज नोंदलं जातंच; ते महिन्याला जाहीर करायला वेगळा खर्च नाही. एकाच वळणावर एकाच कारणासाठी शेकडो पावत्या होत असतील, तर तिथं बोर्ड, रंग, वळणाची आखणी यात काय बिघडलंय हे महापालिकेच्या अभियंत्यानं तीस दिवसांत जाऊन बघावं आणि काय केलं ते लिहून द्यावं. अधिकाऱ्याचं काम वसुलीवर मोजू नये. त्याच्या हद्दीत वर्षभरात किती माणसं जखमी झाली, किती मेली, यावर मोजावं. क्रेनच्या ठेक्याची पुढची निविदा निघेल तेव्हा पैसे क्रेन रस्त्यावर राहिलेल्या तासांप्रमाणे ठरवावेत, गाडीमागे एक रुपयाही नको. शिवाय कोंडी करणाऱ्या मोठ्या गाड्या उचलता येतील अशीच क्रेन हवी, ही अट निविदेत पहिल्या पानावर असावी.